निवडक ८० आणि उरलेले सारे

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक जिल्ह्यात गतिनिर्धारक नवोदय विद्यालय उभारण्याचे ठरविले. प्रवेशपरीक्षेतून सहावीत जास्तीत जास्त ८० मुले निवडली जातात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. शेतमजुराच्या मुलीला तेथे वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा विनामूल्य लाभते आणि ती झपाट्याने पुढे जाते, हे स्वागतार्हच आहे. परंतु गावच्या शाळेत तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे काय? तिची बुद्धी नव्हे, जागा तोकड्या पडल्या! कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सुचविलेली समान शाळापद्धती सत्ताधारी वर्गाने बासनात बांधून ठेवली. साधने मिळाली की श्रमिकांची मुले मागे राहत नाहीत, हे नवोदयनेच दाखवून दिले आहे. म्हणूनच तीच साधने गावोगावच्या शाळेला मिळालीच पाहिजेत!