किनारा आणि जहाज

मुलींना समुद्रविज्ञानाची ओढ लागावी म्हणून सुट्टीत समुद्रकाठी शिबिर भरवावे, एखाद्या संशोधिकेने त्यांच्यासोबत चार दिवस राहावे, ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांवर त्यांना वाकायला लावावे, सूक्ष्मदर्शकाखाली खाऱ्या पाण्याचा एक थेंब दाखवावा, ही कल्पना आता कोणाला वावगी वाटत नाही. वाटूही नये. मात्र अशा उपक्रमांच्या वर्णनात एक शब्द हटकून येतो, तो म्हणजे 'प्रेरणा'. या शब्दाचे आम्हांस थोडे भय वाटते. बक्षीस समारंभांतील भाषणांनी तो इतका गुळगुळीत झाला आहे की कोणी कोणासाठी नेमके काय केले, हे त्यावरून कळेनासे झाले आहे.

शिबिर मुलीला किनाऱ्यापर्यंत नेते. समुद्राचे विज्ञान मात्र किनाऱ्यावर संपत नाही. त्यासाठी जहाज लागते, आणि जहाजावर जागा लागते. ती जागा मुलीला कोण मिळवून देणार? या क्षेत्रातील स्त्रियांचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचताना आम्ही पुनःपुन्हा याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. 'मार्गदर्शक' या शब्दाचा खरा अर्थही आमच्या मते इथेच ठरतो. (आपल्या विद्यापीठांत मार्गदर्शक म्हणजे प्रबंधावर सही करणारी व्यक्ती, असा अर्थ रूढ होऊन बसला आहे, ही गोष्ट निराळी.)

मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की या इतिहासातील सर्वाधिक वाचली गेलेली व्यक्ती मुळात साहित्याच्या वर्गात बसलेली मुलगी होती. तिच्याकडे वळण्यापूर्वी, ती ज्या प्रयोगशाळेत पोचली त्या प्रयोगशाळेची कुळकथा थोडक्यात सांगणे भाग आहे.

१८७३ च्या उन्हाळ्यात लुई अ‍ॅगसी या विख्यात प्राणिशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीज नावाच्या लहानशा बेटावर शिक्षकांसाठी एक वर्ग भरवला. पुस्तक मिटा आणि प्राणी पाहा, असा त्यांचा खाक्या होता. या वर्गात त्यांनी स्त्रियांनाही प्रवेश दिला, आणि तो सर्वांना रुचला नव्हता. (अ‍ॅगसींची वंशभेदाविषयीची मते आज वाचवत नाहीत, एक दार उघडणारा माणूस सगळीच दारे उघडतो असे नाही.) त्याच वर्षी डिसेंबरात अ‍ॅगसी वारले आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तो वर्ग बंद पडला. पण कल्पना टिकली. अ‍ॅगसींचे शिष्य अल्फियस हायट यांनी १८८० नंतरच्या काही उन्हाळ्यांत अ‍ॅनिस्क्वाम येथे समुद्रकाठची प्रयोगशाळा चालवली, आणि तिला आधार दिला तो बॉस्टनमधील स्त्रियांच्या एका शिक्षणसंस्थेने. त्या प्रयत्नातूनच १८८८ मध्ये वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा उभी राहिली. जगातील एका अग्रगण्य संशोधनसंस्थेच्या मुळाशी शाळेतल्या बाईंची उन्हाळी सुट्टी आहे, हे आपल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

या परंपरेत कॉर्नेलिया क्लॅप यांचे नाव घ्यायला हवे. माउंट होल्योक या मुलींच्या संस्थेत त्या शिकवीत. १८७४ साली त्या पेनिकीजच्या बेटावर होत्या, १८८८ साली वुड्स होलच्या पहिल्या उन्हाळ्यातही होत्या, आणि पुढे त्या त्याच प्रयोगशाळेच्या विश्वस्त झाल्या. स्वतः शिकून येणे, मग मुलींना शिकवणे, आणि जमेल तेव्हा त्यांना आपल्यासोबत त्या ठिकाणी नेणे, असा हा क्रम होता. यात भाषणाला फारशी जागा नाही.

आता ती साहित्याची विद्यार्थिनी. रेचल कार्सन यांचा जन्म १९०७ मधला, पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल या गावचा. समुद्रापासून दूर, नदीकाठी त्या वाढल्या. लेखिका व्हायचे म्हणून पिट्सबर्गच्या मुलींच्या महाविद्यालयात इंग्रजी हा विषय घेतला. तिथे जीवशास्त्र शिकवायला मेरी स्कॉट स्किंकर होत्या. त्यांच्या वर्गात बसल्यावर १९२८ मध्ये कार्सन यांनी विषय बदलला. आता लेखन सुटले, असे त्यांना त्या वेळी वाटले होते. आपल्याला लिहिण्याजोगा विषय मिळाला आहे, हे पुष्कळ नंतर उमगले. एक चांगली विद्यार्थिनी आपला विभाग सोडून जाते तेव्हा साहित्याच्या अध्यापकांना होणारे दुःख आम्ही जाणतो. पण या एका उदाहरणात तरी साहित्याचे काही बिघडले नाही.

स्किंकर यांनी नेमके काय केले? वर्गात त्या उत्तम शिकवीत, पण तसे शिकवणारे पुष्कळ असतात. पुढे शिकण्यासाठी त्यांनी स्वतः ते महाविद्यालय सोडले, आणि जाताना विद्यार्थिनीशी असलेला धागा तुटू दिला नाही. त्यांच्याच प्रोत्साहनाने १९२९ च्या उन्हाळ्यात कार्सन वुड्स होलला गेल्या. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी प्रथमच समुद्र पाहिला. त्यानंतर प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. पण आर्थिक ओढाताण सुरू झाली आणि संशोधन पुढे जाईना. तेव्हा सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसण्याचा व्यवहारी सल्ला पुन्हा स्किंकर यांनीच दिला. त्या वाटेने कार्सन मत्स्यविभागात पोचल्या. तिथले वरिष्ठ एल्मर हिगिन्स यांनी त्यांच्याकडून समुद्रावरील रेडिओ-संहिता लिहून घेतल्या. आणि त्यांचा एक मजकूर सरकारी पुस्तिकेच्या मानाने फारच चांगला झाला आहे, तो 'अटलांटिक मंथली'ला पाठवा, असे सुचवले. १९३७ मध्ये तो लेख छापून आला. 'द सी अराउंड अस' हे १९५१ चे पुस्तक याच लेखाचे दूरचे फळ आहे. १९४८ मध्ये स्किंकर यांच्या अखेरच्या आजारपणात कार्सन त्यांच्याजवळ गेल्या होत्या. एका उन्हाळ्याची 'प्रेरणा' असती तर हे नाते वीस वर्षे टिकले नसते.

आणि तरीही कार्सन यांच्यासाठी समुद्राचा बराचसा भाग दूरच होता. त्याचे कारण त्यांच्या बुद्धीत किंवा इच्छेत नव्हते. वुड्स होलच्याच गावात १९३० मध्ये स्थापन झालेल्या समुद्रविज्ञान संस्थेच्या 'अटलांटिस' या जहाजावर स्त्रियांना सफरीला जाता येत नसे. मेरी सीअर्स या तिथल्या सुरुवातीच्या प्लवकतज्ज्ञांपैकी एक. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी नौदलाचे समुद्रविज्ञानाचे काम सांभाळले. पण पुरुष सहकारी जाळी टाकून आणतील ते नमुने किनाऱ्यावर बसून तपासणे, हेच तिथे त्यांच्या वाट्याला आले. २००० साली अमेरिकी नौदलाने एका सर्वेक्षण-जहाजाला मेरी सीअर्स यांचे नाव दिले. जिला जहाजावर घेतले नाही तिचे नाव जहाजाला देणे हा सत्काराचा एक प्रकार असावा. १९५६ मध्ये रॉबर्टा आइक ही विद्यार्थिनी त्या संस्थेच्या जहाजावर लपून बसली. सापडल्यावर तिला शिष्यवृत्ती गमवावी लागली. ही घटना सांगताना लोक हसतात, असे आमच्या पाहण्यात आहे. आम्हांला ती हसण्यासारखी वाटत नाही.

कार्सन १९४९ मध्ये 'अल्बाट्रॉस ३' या जहाजावरून जॉर्जेस बँक या मासेमारीच्या प्रदेशात जाऊन आल्या. परवानगी मिळवताना अडचण अशी, की इतक्या पुरुषांत एकटी स्त्री कशी पाठवायची. मग त्यांच्या वाङ्मयीन प्रतिनिधी मरी रोडेल सोबतीण म्हणून गेल्या. साहित्यव्यवहारातील एका बाईने केवळ सोबत केली म्हणून समुद्रावरील एक मोठे पुस्तक लिहिणारी लेखिका खोल समुद्रावर जाऊ शकली, हा तपशील साहित्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. त्याच सुमारास खोल पाण्याचे संशोधक विल्यम बीबी यांनी, प्रत्यक्ष पाण्याखाली गेल्याशिवाय हे पुस्तक पुरे करू नका, असा लकडा लावला. कार्सन फ्लोरिडात शिरस्त्राण घालून पाण्यात उतरल्या. हवामान खराब होते, फार काही दिसले नाही. पण त्या उतरल्या.

त्यानंतरच्या पिढीत सिल्व्हिया अर्ल येतात. १९५३ मध्ये फ्लोरिडातील एका उन्हाळी वर्गात प्राध्यापक हॅरल्ड हम यांनी त्यांच्या पाठीवर पाणबुड्यांचे श्वसनयंत्र चढवू दिले. ते तेव्हा अगदी नवे साधन होते. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत 'अँटन ब्रुन' या जहाजावर सत्तर पुरुषांमध्ये अर्ल एकट्या स्त्री होत्या. मोंबासाच्या वृत्तपत्राला त्यांच्या शेवाळविषयक कामापेक्षा हे गुणोत्तरच बातमीयोग्य वाटले.

हीच मोहीम आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. तिच्या पाठोपाठ १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती गोव्यात दोना पावला येथे आहे. तिचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर. त्यांच्यामुळे परदेशातून परत येऊन १९७३ मध्ये या संस्थेत रुजू झालेल्या संशोधिका म्हणजे अदिती पंत. औंधच्या पंत घराण्यातील आप्पासाहेब पंतांची ही कन्या. पुणे विद्यापीठात पदवीसाठी शिकत असताना एका स्नेह्याने दिलेले अ‍ॅलिस्टर हार्डी यांचे 'द ओपन सी' हे पुस्तक त्यांच्या हाती आले. हार्डी प्लवकांचे अभ्यासक होते, आणि त्यांनी आपल्या पुस्तकासाठी समुद्रजीवांची जलरंगातील चित्रे स्वतः रंगवली होती. पंतांची दिशा या पुस्तकाने ठरली. पण घरच्या पैशांत परदेशी शिक्षण बसत नव्हते. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा हवाई विद्यापीठ, पुढे लंडन, आणि मग पणिक्करांची संस्था. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया होत्या. पंतांच्या या वाटचालीत पुस्तक, शिष्यवृत्ती, नोकरी आणि जहाजावरील जागा या चार गोष्टी आहेत. चारांतील एक जरी वेळेवर आली नसती, तरी उरलेल्या तिन्हींचे रूपांतर एका सुशिक्षित घरातल्या गोड आठवणीत झाले असते. आणि मुळात ज्या घरात असे पुस्तक देणारा स्नेही येतो ती घरे किती?

कोकणातील मुलींचा विचार करताना हा प्रश्न टोचतो. ओहोटीच्या वेळी तिसऱ्या गोळा करणारी, कालवे फोडणारी बाई किनारा जितका ओळखते तितका आम्ही शहरी अध्यापक जन्मात ओळखणार नाही. उधाण केव्हा आणि भांगाची भरती केव्हा, हे तिला तिथीवरून सांगता येते. होडी मात्र पुरुषांची. मासळी किनाऱ्याला लागल्यावर विकण्याचे काम तिचे. मॅसॅच्युसेट्समध्ये बाईंना पेनिकीजचा खडक मिळाला आणि 'अटलांटिस' मिळाले नाही, त्याच रेषेची ही दुसरी बाजू आहे. पंत अंटार्क्टिकाला निघाल्या त्याच १९८३ साली भारताच्या ताफ्यात दाखल झालेल्या संशोधन-जहाजाचे नाव 'सागरकन्या' आहे. नावे ठेवण्यात आपण कधीच कमी पडलो नाही.

या मुलींच्या पाठ्यपुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे असतात. घरी त्यांना तेच वारे निराळ्या शब्दांत भेटलेले असतात. उत्तरपत्रिकेत घरचा शब्द लिहिला तर गुण मिळत नाहीत. समुद्रावरच्या शिबिरात मुलीच्या तोंडचे माशांचे, शेवाळांचे, लाटांचे शब्द प्रथम लिहून घ्यावेत आणि लॅटिन नावे त्यांच्या शेजारी मांडावीत, यासाठी भाषेच्या शिक्षकांनी तिथे असायला हवे, असे आमचे मत आहे. केवळ निबंधस्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलावल्यास जाऊ नये.

तरीही शब्द हे किनाऱ्याचेच काम झाले. पुढचे काम रुक्ष आहे. तीन आठवडे जहाजावर जायचे आहे, बरोबर बहुतेक पुरुष असणार, हे आईवडिलांना घरी जाऊन कोणी सांगायचे? शिफारसपत्र कोणी लिहायचे, आणि पहिला अर्ज नाकारला गेल्यावर दुसऱ्याची तारीख कोणी लक्षात ठेवायची? मरी रोडेल विज्ञानातील नव्हत्या. ही कामे इतिहासाचा, मराठीचा, कोणत्याही विषयाचा अध्यापक करू शकतो, आणि महाविद्यालयात अशा कामाला कसलेही गुणांकन नसल्यामुळे ती बहुधा केली जात नाहीत. शिबिरांच्या अहवालांत सहभागी मुलींची संख्या छापतात, छायाचित्रे छापतात. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना आखावा आणि तो पाच वर्षे रिकामा ठेवावा, अशी आमची सूचना आहे: यांपैकी किती जणी जहाजावर गेल्या. आणि त्याच्या शेजारी, प्रत्येकीसोबत तोवर कोण राहिले, त्यांचे नाव.