नावावरची चिन्हे पुसू नका



ऑनलाइन ज्ञानकोशातील नावे ‘सोपी’ करावीत, ‘ॲ’ऐवजी ‘अ’ आणि ‘ळ’ऐवजी ‘ल’ वापरावा, ही गेल्या अंकातील पत्रलेखकांची सूचना मला अजिबात पटत नाही. शोधताना अडचण येते, हे खरेच. इथे उज्जैनमध्ये हिंदी कळफलकावर वाढलेली आमची मुले ‘होलकर’ असेच टाइप करतात. पण म्हणून अहिल्याबाईंचे आडनाव बदलायचे?

दुसरे दुखणे क्रमवारीचे आहे. युनिकोडमध्ये ‘ॲ’ २००८ साली आला आणि त्याला जागा मिळाली ‘ह’च्याही पुढे. निव्वळ सांकेतिक क्रमांकांवर यादी लावली, की ॲनी बेझंट शेवटी जाऊन बसतात. उलट ‘ळ’ तिथे ‘ल’ला चिकटून आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो.

यावर उपाय आहे. इंग्रजी विकिपीडियावर संगीतकार द्वोर्झाक यांचे नाव चेक चिन्हांसह शीर्षकात आहे. चिन्हांविना लिहिलेले नाव त्याच लेखाकडे नेते आणि क्रमवारीची कळ वेगळी दिलेली असते. आपणही शीर्षकात ‘होळकर’ ठेवावे, ‘होलकर’वरून पुनर्निर्देशन करावे आणि ‘ॲनी’ला क्रमापुरते ‘अ’मध्ये बसवावे. हे काम प्रत्येक लेखामागे जेमतेम दोन ओळींचे आहे.

– एक वाचक, माधव नगर, उज्जैन