पहिली नोकरी आणि मूकनायक

जिंतूर, पूर्णा, गंगाखेडहून येणारी पोरं आम्हाला एकच विचारतात: एम.ए. करून कंत्राटी डाटा एन्ट्री, मायक्रोफायनान्सची वसुली, नाहीतर चाकणची बारा तासांची शिफ्ट. एवढं शिकून हेच करायचं?

प्रश्न रास्त आहे. कंत्राटीकरणानं आरक्षणाची वाट बुजवली, हे आम्ही मोर्चात सांगतोच. पण तो राग स्वतःवर काढून काहीजण घरी बसतात, ते आम्हाला मान्य नाही.

बाबासाहेब 1917 साली कोलंबियात शिकून बडोद्याला रुजू झाले. शिपाई फाइली लांबून फेकत, राहायला घर मिळेना. नोकरी सोडून ते मुंबईत आले, शिकवण्या केल्या. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार 450 रुपये. राहिले मात्र परळच्या चाळीतच. लंडनचं अर्धवट शिक्षण पुरं करायला पैसा साठवायचा होता. याच नोकरीत असताना 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला. सरकारी नोकराला संपादक होता येईना, म्हणून पांडुरंग नंदराम भटकरांचं नाव लागलं. मार्चमध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

तेव्हा नोकरीतून वेळ किती उरतो, पैसा किती साठतो, शिकायला काय मिळतं, ते बघा. वसुलीवाल्या पोराला गावातल्या बायकांच्या कर्जाचं जेवढं कळतं, तेवढं आमच्या समाजशास्त्राच्या पुस्तकांत नव्हतं.

तीन-तीन महिने पगारच होत नसेल, तर ती नोकरी सोडा. नेमणूकपत्र, हजेरीची नक्कल आणि पीएफ नंबर मात्र आधी ताब्यात घ्या. कामगार कार्यालयात तक्रार करताना तेच लागतं.