फ्लॅट विक्रीला काढलाय? फोन लगेच येतात, पैसे मात्र सगळ्यात शेवटी

चार फोटो काढले, किंमत टाकली आणि जाहिरात पोर्टलवर चढवली की बऱ्याचदा त्याच दिवशी फोन सुरू होतात. मालकाला वाटतं, चला, मागणी जोरात आहे. पण यातले बरेचसे फोन ग्राहकांचे नसून एजंटांचे असतात. 'पार्टी तयार आहे, फक्त तुम्ही हो म्हणा' हे वाक्य दिवसातून पाच वेळा ऐकायची तयारी ठेवावी लागते. जाहिरातीत 'एजंटांनी फोन करू नये' असं लिहून फारसा फरक पडत नाही.

याच काळात आणखी एक फोन येऊ शकतो. समोरचा घर न बघताच सौदा पक्का करतो, स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो आणि 'टोकन पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा' असं सांगतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला जातोय म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार आहेत.

घासाघीस का होते?

खरे ग्राहक येऊ लागले की किंमतीवरून खेचाखेच सुरू होते. मालकाला ती अपमानास्पद वाटते, पण ग्राहकाचं गणित बघितलं तर कारण कळतं. समजा, पुण्यातला फ्लॅट 80 लाखांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किंमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे 64 लाख. उरलेले 16 लाख ग्राहकाचे. त्यावर पुणे शहरात 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 5 लाख 60 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. एकट्या महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, एवढाच दिलासा. म्हणजे जवळपास 22 लाख रुपये खिशातून. त्यात बँकेच्या व्हॅल्युअरने घराची किंमत 75 लाखच धरली, तर कर्ज 60 लाखांवर येतं आणि ठरलेला सौदा पुन्हा टेबलावर येतो.

'थोडे रोखीत घ्या' हा प्रस्तावही याच टप्प्यावर येतो. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे अडकतो तो विकणारा.

टोकननंतरचा काळ

खरी कसोटी इथे आहे, विशेषतः विकायच्या घरावर कर्ज बाकी असेल तर. मूळ कागद मालकाच्या बँकेत असतात. ग्राहकाची बँक आधी कायदेशीर तपासणी करते, मूल्यांकन करते, दुय्यम निबंधक कार्यालयात करारनामा नोंदवला जातो. मग साधारणपणे ग्राहकाची बँक जुन्या बँकेचं कर्ज थेट फेडते आणि कागद सुटल्यावरच उरलेले पैसे मालकाला मिळतात. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करणं बँकांना 1 डिसेंबर 2023 पासून बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई मिळते. पण 30 दिवस हेच मुळात भरपूर असतात. या पैशांच्या भरवशावर दुसऱ्या बिल्डरला हप्त्याची तारीख देऊन बसलेल्या कुटुंबाची झोप याच दिवसांत उडते. जुन्या घराचा करारनामा नोंदवला जाण्याआधी नव्या घरात मोठी रक्कम अडकवणं, हा यातला सगळ्यात महागडा उत्साह.

सोसायटीचा अडथळा त्यामानाने छोटा, पण चिडचिड करणारा. शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि बँकेला लागणारं ना-हरकत पत्र वेळेत मागून ठेवलेलं बरं. काही सोसायट्या 'देणगी' म्हणून मोठी रक्कम मागतात. राज्य सरकारच्या 2001 च्या परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत हस्तांतर प्रीमियम 25 हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि देणगीच्या नावाखालीही नाही.

हातात किती?

व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल तर ग्राहक 1 टक्का टीडीएस कापतो. आपल्या उदाहरणात 80 हजार. ते बुडत नाहीत, रिटर्न भरताना हिशेबात धरले जातात. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ताब्यात असलेल्या घराच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्यांना महागाईचा लाभ घेऊन 20 टक्क्यांचा जुना हिशेबही करून बघता येतो, जो कमी तो भरायचा. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर नफ्यावरचा कर वाचू शकतो. मात्र रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतवले नसतील तर ते बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात पडून राहिले तर ही सूट हातची जाते.

दुबईत किंवा अमेरिकेत राहून इथला फ्लॅट विकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी 1 टक्क्याचा नियम नाही, 50 लाखांची मर्यादाही नाही. टीडीएस कितीतरी जास्त कापला जातो, आणि अनेकदा नफ्यावर नाही तर पूर्ण रकमेवर. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर विभागाकडून मिळतं, पण त्याला वेळ लागतो. त्यामुळे तो अर्ज ग्राहक पक्का होताच करावा लागतो, करारनाम्याच्या आदल्या आठवड्यात नाही.