मनगटापासून तीन बोटे

जव्हारच्या एस.टी.ने मुलाबाळांना घेऊन प्रवास केलेल्यांना, घाट लागल्यावर गाडीत पसरणारी शांतता चांगली ठाऊक असेल. आधी गाणी थांबतात, मग चिवड्याच्या पिशव्या बंद होतात, आणि मग एखादे चिरंजीव पांढरेफटक पडून आईकडे बघू लागतात. वसईहून निघताना मी आवळासुपारी, लिंबू, आल्याचा तुकडा असा सगळा सरंजाम बरोबर घेते. गेल्या काही वर्षांत त्यात एका गोष्टीची भर पडली आहे, आणि तिला पिशवीत जागाही लागत नाही. ती म्हणजे माझा अंगठा!

मनगटाजवळच्या या जागेला चिनी वैद्यकात 'नेइग्वान' म्हणतात. तळहात वर करून धरा. मनगटाच्या घडीला लागून तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी तीन बोटे कोपराच्या दिशेने आडवी ठेवा. ती जिथे संपतात तिथे, मूठ किंचित आवळली की उठून दिसणाऱ्या दोन दोऱ्यांच्या मधोमध अंगठ्याने एक-दोन मिनिटे दाबायचे. कळ येईल इतके नव्हे, जडपणा जाणवेल इतके. मग दुसरा हात.

बोटे मात्र ज्याचा हात त्याचीच हवीत, बरे का. चिनी वैद्यांचे माप म्हणजे 'त्सुन', अर्थात रोग्याच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी. आजीने आपल्या बोटांनी नातवाचा हात मोजला तर जागा चुकलीच समजा. मग "आमच्या बाळाला काही गुण आला नाही हो" ही तक्रार ठरलेली.

गुण येतो का? शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या एका जागेच्या पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत, आणि भलतीच जागा दाबलेल्यांपेक्षा ही जागा दाबलेल्यांना त्रास कमी झाल्याचे त्यांत दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अशा ३६१ जागा नेमून दिल्या. पण नेइग्वानइतका पुरावा फार थोड्यांच्या पाठीशी आहे. शरीरातून वाहणाऱ्या 'ची' नावाच्या शक्तीचे मार्ग तर शवविच्छेदनात कोणालाच सापडलेले नाहीत.

ही विद्या आपल्याकडे येण्याच्या कथेत एक मराठी नाव येते. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते शस्त्रक्रिया करीत. सुयांच्या उपचाराचे श्रेय त्यांना देणे बरोबर नाही. ते १९४२ साली तिकडेच वारले. त्यांचे पथकातले सोबती डॉ. विजयकुमार बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्या पद्धतीने रोग्यांवर उपचार करू लागले. सुईच्या जागी बोट वापरले की झाले ॲक्युप्रेशर.

गाडीत विकत मिळणारी तळव्यांची रंगीत चित्रे, इथे मूत्रपिंड, तिथे यकृत दाखवणारी, ती मात्र चिनी नव्हेत. तो विसाव्या शतकातला अमेरिकन शोध. काटेरी रूळ फिरवून पायाला बरे वाटते, हे मी नाकारीत नाही. त्याने मूतखडा विरघळेल असे मात्र कोणी समजू नये.

जीवदानीच्या पायऱ्या उतरून पोटऱ्या भरून आल्या, तर गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळग्यापासून चार बोटे खाली, नडगीच्या एक बोट बाहेर दाबून पाहा. हे 'त्सुसानली'. डोके दुखले तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग दाबतात. गरोदर बाईने मात्र तो दाबू नये, असे चिनी वैद्यच सांगतात.

आता जे सांगायचे आहे, ते जरा अवघड आहे. गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, शेजारचे काका छाती धरून बसले. संध्याकाळी चकल्या-करंज्या यथेच्छ झाल्या होत्या. "पित्त असेल गं," असे म्हणत काकूंनी त्यांचे मनगट हातात घेतले. जुन्या चिनी वैद्यकात नेइग्वान छातीच्या दडपणावरही सांगितला आहे, आणि एस.टी.तल्या मळमळीसाठी तो काकूंना दाखवताना ही गोष्टही मी मोठ्या हौसेने सांगून बसले होते. काकू तब्बल पाऊण तास दाबत राहिल्या. काकांना घाम फुटला, जबड्यात कळ गेली, तरी काकू दाबतच होत्या. समोरच्या बिऱ्हाडातली नर्स रात्रपाळीला निघाली होती. उघड्या दारातून तिने हे पाहिले आणि आतच आली. "काकू, हात सोडा आधी. हे पित्त नाही," म्हणाली, आणि १०८ला फोन लावला. धमनी बंद पडली होती. काका वाचले, पण हृदयाचा थोडा भाग कायमचा गेला. "लवकर आणायला हवे होते," एवढेच डॉक्टर म्हणाले. मी तिथेच उभी होते.

काकूंनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते. तेव्हापासून कोणालाही नेइग्वान दाखवताना मी छातीचे नाव काढीत नाही. काढलेच तर एवढ्यासाठी की, छातीत दडपण, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असे काही दिसले तर अंगठा नव्हे, फोन उचलायचा.

परवा फराळाचे ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. फ्रिजवर १०८ हा आकडा काकूंनी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला आहे. काका माझ्या ताटातल्या चकलीकडे बघत होते. "अर्धीच हं!" काकू म्हणाल्या, आणि उरलेली अर्धी त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली.