कालाचें माप सर्वांस एकच असावें

आपला बीड जिल्हा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळीं येथील सरकारी दफ्तरांत फसली सन लिहीत. आणि पश्चिमेस लागून असलेल्या, इंग्रजी अमलाखालील तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत इसवी सन चाले. सूर्य एकच, दिवस एकच. पण शीव ओलांडली कीं कागदावरील सन बदले. जुना कागद वाचणारास आजही दोन सनांची सांगड घालावी लागते. अशीच एक शीव आज संगणकाच्या पोटांत आहे. तिजविषयीं आमचें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, असा या लेखाचा हेतु आहे.

युनिक्स घराण्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आजचीं लिनक्स व अँड्रॉइड धरून, तारीख-वार लक्षांत ठेवीत नाहीं. १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच येथील मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, एवढा एकच आंकडा ती मोजीत असते व त्यावरून तारीख काढते. आंकडा सांठवावयाचा म्हणजे त्यास कोठी हवी. ती किती बिटांची असावी, हें पुष्कळ काळ प्रोसेसरच्या धाटणीवर सोंपविलेलें होतें. त्यामुळें ६४ बिटांच्या यंत्रांत कोठी ६४ बिटांची झाली आणि ३२ बिटांच्या यंत्रांत बहुधा ३२ बिटांचीच राहिली.

या लहान कोठींत २,१४,७४,८३,६४७ पेक्षां मोठा आंकडा मावत नाहीं. १९ जानेवारी २०३८ रोजीं, आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद झाले कीं ती भरेल, आणि पुढच्याच सेकंदास आंकडा उलटून यंत्र १९०१ सालच्या डिसेंबरांत जाऊन पडेल. ६४ बिटांची कोठी मात्र सुमारें २९,२०० कोटी वर्षें पुरते.

लहान कोठी करणारांस आम्ही दोष देत नाहीं. तेव्हां संगणकाची स्मृति फार महाग होती. १९७१ सालच्या पहिल्या युनिक्समध्यें तर सेकंदाचा साठावा भाग मोजीत, आणि ३२ बिटांची कोठी सव्वादोन वर्षांतच भरे. पुढें सेकंद मोजण्याचें ठरलें व कोठी पुष्कळ वर्षें पुरली. पण पुष्कळ म्हणजे सदैव नव्हे.

यावर कांहीं जाणते म्हणतात कीं, उणे आंकडे वगळावे म्हणजे तीच कोठी २१०६ सालापर्यंत पुरेल. खरें, पण १९७० पूर्वींची प्रत्येक तारीख उणे आंकड्यानेंच लिहिली जाते. मग आजोबांची जन्मतारीख लिहावी कोठें? दुसरे म्हणतात कीं, कोठी बदलली तर जुने प्रोग्रॅम मोडतील. हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. एक प्रोग्रॅम नव्या मापाचा व दुसरा जुन्या मापाचा असला, तर एकमेकांचे आंकडे ते चुकीचे वाचतील. म्हणून सर्वांची बांधणी एकदम नव्यानें करावी लागते. तरीही तें काम करणारांनीं करून दाखविलें आहे. ओपनबीएसडीनें २०१४ सालीं आपल्या सर्व प्रोसेसरांवर ६४ बिटांचें माप लागू केलें. लिनक्सच्या गाभ्यांत ३२ बिटांच्या यंत्रांची सोय २०२० सालीं पुरी झाली. ऑगस्ट २०२५ मध्यें डेबियन १३ नें लहान एआरएम यंत्रांसही मोठी कोठी दिली. इंटेलचें जुनें ३२ बिटी घराणें तेवढें जुन्या प्रोग्रॅमांसाठीं वगळलें. पण त्या यंत्रांवर नवी मांडणी करण्याची सोयही त्याच वेळीं बंद केली. असें कुंपण घातलेला अपवाद आम्ही समजूं शकतों. अपवादाचा नियम मात्र होऊं नये.

कारण लहान यंत्र कोणाच्या वांट्यास येतें? मोठी पेढी आपलीं यंत्रें वेळींच बदलील. स्वस्त उपकरणांतील लहान प्रोसेसर आणि शहरांतून उतरून खेड्यांत आलेला जुना संगणक हे मात्र आपल्यासारख्यांच्याच घरीं व शाळेंत वर्षानुवर्षें राबतील. श्रीमंताच्या यंत्रास अनंत काळ आणि गरिबाच्या यंत्रास मोजका काळ, हा न्याय नव्हे. दोन प्रकारचीं वजनें व मापें बाळगणें परमेश्वरास आवडत नाहीं, अशी पवित्र शास्त्राची शिकवण आहे. ती बाजारापुरतीच आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

२०३८ साल दूर आहे असेंही कोणी समजूं नये. आज वीस वर्षांच्या मुदतीनें घरासाठीं कर्ज घेतलें, तर त्याचा हिशेब त्या सालाच्या पलीकडे जातो. आज पांचवींत असलेला विद्यार्थी तेव्हां कमावता झालेला असेल. म्हणून पालकांनीं दीर्घकाळ वापरावयाचें यंत्र घेतांना तें २०३८ नंतर तारीख बरोबर दाखवील काय, हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं जे पुढें प्रोग्रॅम लिहितील, त्यांनीं यंत्र लहान असो वा मोठें, कालाची कोठी एकाच मापाची व भरपूर मोठी ठेवावी. आपल्या सोयीखातर पुढच्या पिढीचा काळ आंखूड करण्याचा अधिकार कोणासही नाहीं.