कुंडींतील वेल व रानांतील निचरा

सोलापुराकडे उन्हाळा ४० अंशांवर गेला कीं दिवाणखान्यांतील मनीप्लँटचीं पानें पिवळीं पडूं लागतात, व घरधनी लागलीच आणखी पाणी ओततो. आमच्या मतें ही दया नसून घात आहे. हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरांतील मोरेआ बेटाचा. झाडांच्या खोडांवर चढणारा, मुळांस हवा मागणारा. आपण त्यास काळ्या चिकण मातींत कोंडतों. ती भिजून फुगते, मुळें कुजतात, आणि भरल्या पाण्यांत वेल माना टाकतो.

अशा वेळीं वेल काढून कुजलेलीं मुळें छाटावीं. तळास भोंक असलेल्या कुंडींत वाळू, माती व जुनें शेणखत समभाग घालून तो पुनः लावावा. उजेडांत, परंतु उन्हाआड ठेवावा. बोटभर खोल माती सुकल्यावरच पाणी द्यावें. मुळें सारींच गेलीं असल्यास पेरासह तुकडा पाण्यांत ठेवावा. नवीं मुळें फुटतात.

हें आम्ही केवळ शोभेच्या वेलासाठीं लिहीत नाहीं. १९८० सालीं उजनी धरण पुरें झालें, पाणी आलें. परंतु निचरा नसलेल्या काळ्या रानास अति पाणी दिल्यास त्याचीही हीच गत होऊन क्षार वर येतात. कुंडींतील माती एका दुपारीं बदलतां येते. वडिलार्जित रान बदलतां येत नाहीं.